लाल दोऱ्याचं टोक

१

आमच्या पुढच्या खोलीत दुकान आहे आणि मागच्या खोलीत ही बसते. ही म्हणजे माझी बायको. मी गिटारी दुरुस्त करतो, ती पिकअप भरते.

इलेक्ट्रिक गिटारीच्या तारांखाली साबणाच्या वडीएवढी एक पट्टी असते, तोच पिकअप. आत लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांबं गुंडाळलेलं, ती कॉइल. वर तार थरथरली की खाली तांब्याला कळतं, आणि तेच पुढे अँपमधून, म्हणजे सूर मोठा करणाऱ्या पेटीतून, आवाज होऊन बाहेर पडतं. गिटार बोलते म्हणतात ते खरं तर तिथून.

तांबं गुंडाळायला मशीन आहे, पण मशीन नुसतं फिरवतं. तांबं चिमटीत धरून कुठे किती सोडायचं ते हातच ठरवतो. दाब जरा वाढला की तुटलं, जरा कमी झाला की सैल बसलं. कारखान्यातल्या कॉइलमध्ये वेढ्याशेजारी वेढा बसतो, शाळेतल्या रांगेसारखा. हिच्या चिमटीतून तो थोडा इकडे जातो, थोडा तिकडे, आणि म्हणून आवाजात हवा खेळते. मी पुष्कळांचे पिकअप उघडून पाहिलेत. असा हात दुसरा पाहिला नाही. हे तिच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, "काय हवंय?"

तिची एक पद्धत आहे. कॉइल सुरू करायच्या आधी पहिल्या टोकाला ती लाल दोऱ्याची गाठ मारते. ते टोक आत जातं, मग त्यावर सगळं भरलं जातं, आणि दुसरं टोक शेवटी बाहेरच्या अंगाला राहतं. लाल टोक जमिनीच्या तारेला, म्हणजे अर्थिंगला जोडायचं, दुसरं स्विचला. बाहेरून आलेले पिकअप मी मीटर लावून तपासतो. हिचे नाही. गाठ दिसली की जोडून मोकळा.

गेल्या वर्षापासून तिचा हात थरथरायला लागला. कप बशीवर वाजायचा. डाव्या पायातली चपल ती आधीपासूनच ओढत चालते, आणि बोलायच्या आधी घसा खाकरते. या तीन आवाजांवरून ती घरात कुठे आहे ते मान वर न करता मला कळायचं. हात थरथरायला लागल्यावर तिने मशीनवर कापड टाकलं आणि त्या विषयावर कुणाला बोलू दिलं नाही. बाकावर मात्र रोज जाऊन बसायची. लांब बाक आहे, वर गादी. ती बरोबर मधे बसते. मी शेजारी टेकलो तर कोपराने ढकलते.

२

चिमणी आमची मुलगी. नाव लहानपणी चिकटलं, आता ती दारातून वाकून आत येते. बँडमध्ये गिटार वाजवते. तिच्या गिटारीत दोन्ही पिकअप आईचे, एक मानेजवळ, एक घोडीजवळ. स्विचने हवा तो लावायचा, स्विच मधे ठेवला की दोन्ही.

एक दिवस ती आली आणि गिटार माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "बाबा, हा मेला."

"कोण?"

"मानेजवळचा. वाजवता वाजवता गेला. आधी खरखर, मग गप्प. आणि आमचं रेकॉर्डिंग आलंय. पहिलं. त्या लोकांनी आम्हाला याच गिटारीचा आवाज ऐकून बोलावलंय, हे लक्षात ठेव."

मी मीटर लावला. तांबं आत कुठेतरी तुटलं होतं. जुनं झालं होतं बिचारं.

खणातून तीन पिकअप काढले आणि एकेक बसवून पाहिला. पहिल्याचे चुंबक जोरकस, वेढे जास्त. आवाज मोठा आला, पण पांघरुणाखालून बोलल्यासारखा.

"जाड झालाय," चिमणी म्हणाली. "तुझ्यासारखा."

दुसरा कमी वेढ्यांचा. त्याने वरचे सूर असे काढले की मीच दात आवळले. तिसऱ्यात खोट नव्हती. मी तसं म्हटलं.

"खोट नाहीये रे बाबा, पण काहीच नाहीये. खिडकीमागे बसून 'उद्या या' म्हणणारा कारकून असतो ना, तसा आवाज आहे."

मागच्या खोलीतून घसा खाकरल्याचा आवाज आला. "पहिला जड, दुसरा कडक, तिसरा झोपलेला. उगाच स्क्रू झिजवू नका. मी भरते."

चिमणीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं.

"आई, तुझा हात..."

"माझाच आहे ना? मग मी बघते त्याचं काय ते."

त्या दुपारी तिने मशीनवरचं कापड काढलं आणि दार लोटून घेतलं. मी पुढे बसून नुसता ऐकत होतो. तांबं तुटलं की मशीन रिकामं पळतं आणि त्याचा सूर चढतो. मी त्या चढण्याची वाट पाहत होतो, आणि तो चढू नये म्हणून गप्प बसलो होतो. तो चढला नाही. सुर्रर्र असा एकसारखा आवाज, कॉइल भरत जाईल तसा किंचित खाली उतरत जाणारा, शेवटपर्यंत. माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता.

"अहो, एकदासुद्धा थरथरला नाही. कुणी मनगट धरून ठेवल्यासारखं झालं."

"बसल्या बसल्या सवय परत आली असेल," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली, आणि आपल्या मनगटाकडे बघत राहिली.

३

कॉइल मेणात बुडवून गार केली, लाल टोक जमिनीला जोडलं, दुसरं स्विचला. मग उंची लावायला घेतली. पिकअपच्या दोन्ही अंगांना स्क्रू असतात. ते फिरवले की पिकअप तारांच्या जवळ येतो किंवा लांब जातो. लांब असला की आवाज लाजतो. फार जवळ आला की लोहचुंबक तारेलाच ओढतात, आणि ती आजारी माणसासारखी डगमगते. मधे कुठेतरी एक जागा असते. ती कानानेच शोधायची.

ती सापडली आणि चिमणीने एकच सूर छेडला. दुसऱ्या खोलीत झोपलेलं मूल जागं होऊन आपल्या नावाने हाक मारतं ना, तसा तो आवाज होता. इतका जिवंत. नुसता घोडीजवळचा लावला, तोही छान.

"आता दोन्ही," मी म्हणालो.

तिने स्विच मधे आणला. आणि आवाज पोकळ झाला. पातळ, लांबचा, पाइपातून आल्यासारखा.

हे मला माहीत होतं. एका पिकअपची टोकं उलटी जोडली गेली की असं होतं. एकच दार दोघांनी दोन बाजूंनी सारख्या जोराने ढकललं तर ते हलत नाही. तसं दोन्ही पिकअप जे सारखं ऐकतात ते एकमेकांना पुसून टाकतात. जे वेगळं असतं तेवढंच उरतं. पण लाल दोरा बघूनच जोडलं होतं, मग चुकेल कसं?

चिमणीने तारांवर तळवा ठेवला. तारा गप्प झाल्या, पण अँप गप्प झाला नाही. सुर्रर्र असा बारीक, एकसारखा आवाज येत राहिला.

"बाबा, आईचं मशीन चालू राहिलंय. पिकअप ते पण ऐकतोय बघ."

"मी इथे उभी आहे," ही म्हणाली. "मशीन बंद आहे."

मी आत जाऊन पाहिलं. मशीन बंद होतं. हात लावला तर गार होतं. मी घरातले दिवे, पंखा सगळं बंद केलं. गिटारी कधी कधी रेडिओ पकडतात, शेजारच्या घरातली मोटर पकडतात, यात नवल नाही. जमिनीची तार बोटाने दाबून पाहिली. आवाज तोच. मग मी मानेजवळच्या पिकअपचा स्क्रू थोडा फिरवला आणि पिकअप वर आणला. तारा तर गप्पच होत्या, त्यामुळे काहीच बदलायला नको होतं. पण सुर्रर्र जवळ आला. मोठा झाला असं नाही म्हणत मी. जवळ आला. त्यात चिमटीतून तांबं सरकण्याची सळसळ ऐकू यायला लागली.

मी स्क्रू पुन्हा खाली घेतला.

"गिटार इथे ठेव," मी चिमणीला म्हणालो. "दोन्ही एकत्र नीट बोलेपर्यंत नेऊ नकोस."

"एकेकटे इतके गोड वाजतायत, भांडतात कशाला?" ती म्हणाली. "तुमच्या दोघांसारखं करतायत. रेकॉर्डिंगला मला दोन्ही एकत्र हवेत बाबा, सगळं गाणं त्याच आवाजावर आहे."

ती हसत गेली. ही हसली नाही. अँपसमोर स्टूल ओढून ती कान लावून बसली होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे मी नाही. मी मधे बोट ओलं करायला थांबते. हा थांबत नाही. काय हात आहे हो!"

४

दुसऱ्या दिवशीपासून ती तशीच बसायला लागली. स्विच मधे, तारांवर फडकं टाकलेलं, आणि ही डोळे मिटून. उजवी चिमूट हवेत हलत असायची, त्या आवाजाबरोबर. मी उलटं जोडलेलं तपासतो म्हटलं तर म्हणाली, "थांबा जरा. एवढ्यात नको."

"कशाला ऐकतेस ते?"

"शिकतेय."

"या वयात?"

"मग कधी शिकू? तुम्हाला नाही कळायचं. मी आयुष्यभर जे करत आले ते कुणीतरी माझ्यापेक्षा चांगलं करतंय आणि मला ऐकवतंय."

मग तिने मशीन सुरू केलं. मधलं दार उघडं ठेवून, अँपचा आवाज कानावर घेत, ती भरायला लागली. एक झाली, दुसरी झाली. मी ते पिकअप लावून पाहिले आणि थक्क झालो. तरुणपणी तिने जे भरले होते तेही यांच्यापुढे फिके होते. वेढे तसेच इकडेतिकडे जाणारे, पण आता त्या भटकण्यालाही एक चाल होती. हात थरथरत नव्हता. ती चहा घेऊन आली तेव्हा कप बशीवर वाजला नाही, आणि मला एवढा आनंद झाला की मी दुसरं काही मनात आणलंच नाही.

मग एका सकाळी मी मान वर केली तर ती शेजारी उभी होती. चपलेचा आवाज ऐकू आला नव्हता. खाली बघितलं. चपला पायात होत्या. ती आत गेली. डावा पाय ओढतच गेली. फरशीवर चपल घासली जात होती ते मला दिसत होतं.

वय झालं, कान गेले, असं मी मनाशी म्हणालो. पण भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवली ती ऐकू आली. नळातून पाणी टपकत होतं तेही. फक्त हीच ऐकू येत नव्हती. खाकरायची तेव्हा मान पुढे यायची, गळा हलायचा. बोलण्याचा आवाज आधी बारीक झाला. मग जवळ गेल्यावरच यायला लागला, नुसती कुजबुज.

"मोठ्याने बोल ना जरा," मी म्हणायचो.

"ओरडतेय की मी," ती कुजबुजायची. "कान दाखवा डॉक्टरला."

आणि अँपमधला सुर्रर्रसुद्धा कमी होत होता. ही आणि तो सुर्रर्र, दोघं बरोबरीनेच विरत होते. तिचं भरणं त्या हातासारखं होत चाललं होतं, तसं तसं. मी घाबरून गिटारीची वायर ओढून काढली. अँप गप्प झाला. तरीही तिची चपल वाजली नाही.

दुपारी चिमणीचा फोन आला.

"झालं का बाबा? परवा जायचंय आम्हाला. आईला दे ना जरा."

मी फोन तिच्या हातात दिला. ती बोलायला लागली. माझ्यापासून हातभर अंतरावर ती बोलत होती, हसत होती, हात हलवून काहीतरी समजावत होती. खोलीत घड्याळाची टिकटिक होती. बस. मग तिने फोन माझ्याकडे परत दिला.

"बाबा? आई येत नाहीये का फोनवर? किती वेळ मी एकटीच बडबडतेय."

मी म्हणालो, "कामात आहे गं ती."

ही माझ्याकडे बघून हसली, आणि आत जाऊन बसली.

५

मी पिकअप खोलला. जोडाचं सोल्डर वितळवून दोन्ही टोकं मोकळी केली आणि भिंग घेऊन बघितलं. लाल दोरा बाहेरच्या टोकाला होता.

मी ते पुन्हा पुन्हा बघितलं. गाठ तिचीच होती, तिच्या पद्धतीची, दोनदा फिरवून आत खोचलेली. पण ती सुरुवातीला मारते, आणि सुरुवात नेहमी आत असते. ही कॉइल जिथे संपायला हवी तिथून कुणीतरी सुरू केली होती. बाहेरून आत. असं भरता येत नाही. आधी बाहेरचा वेढा घालायचा तर तो बसवायचा कशावर?

आणि मी दोरा बघून जोडलं होतं, नेहमीसारखं, न तपासता. म्हणजे उलटं. दार दोन्ही बाजूंनी सारखं ढकललं जात होतं, आणि ही शिकत शिकत दुसऱ्या बाजूच्या जोराएवढी झाली होती. आणखी एखादी कॉइल, की काहीच उरलं नसतं.

पहिल्यांदा मनात आलं, कात्री लावावी. एक कच, की तांबं तुटलं, पिकअप मेला. कात्री उचललीसुद्धा. पण उघड्या दारातून मला तिची पाठ दिसत होती. चिमटीतून तांबं सरकत होतं, सोन्याच्या रेघेसारखं. मशीन फिरत होतं आणि आवाज नव्हता. या टोकाला कात्री लावली तर त्या टोकाला काय तुटेल ते मला ठाऊक नव्हतं. मी कात्री खाली ठेवली.

मग दुसरा एकच उपाय उरला. टोकं बदलायची. दोघांनी एका बाजूने ढकलायचं. त्याने पोकळ आवाज भरून येतो, हे या धंद्यातलं पोरसुद्धा सांगेल. दाराचं काय होईल ते मात्र कुणी सांगितलं नसतं.

सोल्डरिंगची कांडी तापली. लाल टोक स्विचला लावलं, दुसरं जमिनीला. सोल्डरचा थेंब गोठला, तो चमकायचा थांबला, आणि आतून घसा खाकरल्याचा आवाज आला.

मग मशीनचा सुर्रर्र आला. मग चपल घासली गेली. मी तोंडावर हात धरून रडलो, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

"अहो, काय झालं?" तिने आतून विचारलं. केवढा भरलेला आवाज होता तो! कुजबुज नाही, म्हातारीचा नाही. जाड आणि गोड, दोन्ही पिकअप एकत्र लावल्यासारखा.

६

चिमणी गिटार न्यायला आली. स्विच मधे ठेवून तिने सूर लावला आणि डोळे मिटले. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. खोलीतली काच, टेबल, माझ्या छातीची फासळी, सगळं त्या सुरात होतं. मागे दुसरं काही नव्हतं. तारा थांबल्या की अँपही थांबला.

"बाबा," तिने डोळे पुसत विचारलं, "काय केलंस रे?"

"टोकं उलटी लागली होती. सरळ केली."

"एवढंच?"

"एवढंच. आणि हात तुझ्या आईचा."

आतून ही म्हणाली, "आता घेऊन जा, नाहीतर हे पुन्हा उघडून बसतील."

चिमणी हसली. मग दाराशी जराशी थांबली. "आईचा आवाज किती छान झालाय ना? सर्दी गेली वाटतं."

"हो," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी दार लावलं. मागच्या खोलीत मशीन सुरू झालं होतं, एकसारखं, मधे न थांबता. बाकाखाली चपल घासली, आणि तिच्या पाठोपाठ, अगदी अंगाला अंग लावून, तेच घासणं. अंतर इतकं कमी, की कान तयार नसलेल्याला एकच वाटावं. मी दाराच्या फटीतून पाहिलं.

ती बाकावर मधे बसली नव्हती. एका कडेला सरकून बसली होती, कुणाला जागा द्यावी तशी. उरलेल्या जागेवर गादी दबलेली होती. तिचा उजवा हात तांबं सोडत होता आणि मनगटाशी कातडी जरा आत गेलेली होती, बोटं टेकतात तिथे. मी फार वेळ पाहिलं नाही. पण जेवढं पाहिलं त्यात तिचा चेहरा होता, आणि इतक्या सुखात मी तिला पुष्कळ वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या हाताला मी नावं ठेवणार नाही. तो हात चांगला आहे. माझ्याइतकं ते कुणाला कळणार?

"अहो, चहा टाकता का?" ती दोन्ही आवाजांनी म्हणाली.

"टाकतो," मी म्हणालो.

पाणी उकळलं. फळीवरून मी दोन कप काढले. थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मग तिसरा काढला, आणि ज्याचा कान तुटलेला होता तो माझ्याकडे घेतला.